कणकेतली मूठ

गोविंदराव वाकनिसांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी लेखणीपेक्षा धारदार वस्तू हातात धरली नव्हती. पूर्वज दरबारात खलिते लिहायचे, आजोबा मास्तर होते, वडील कचेरीत होते आणि स्वतः गोविंदराव पस्तीस वर्षं सरकारी कार्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे दुरुस्त करत बसले. दुरुस्तीची खोड त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरी लग्नपत्रिका आली तरी तारीख-मुहूर्त बघायच्या आधी खिशातलं लाल पेन बाहेर निघायचं. अशा माणसाला साठी उलटल्यावर सुऱ्या बनवायचा नाद लागला. लोकांना योगासनं सुचतात, तीर्थयात्रा सुचतात; यांना हे सुचलं.

नाद म्हणजे अगदी हाडीमाशी खिळलेला. हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहरात, कंपू भागाच्या मागच्या गल्लीतल्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहिली. शहरातल्याच मुरार भागातल्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचे पट्टे येऊ लागले. जुन्या शिलाई मशीनच्या मोटरवर घासायचा पट्टा बसवला. कोळशाच्या शेगडीला यशश्रीनं, म्हणजे लेकीनं, मागे ठेवलेल्या हेअर ड्रायरचा वारा. लोखंड लालबुंद झालं की मोहरीच्या गरम तेलात बुडवायचं, आणि मग त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून शरयूताईंच्या ओव्हनमध्ये दोन तास मंद भाजायचं. शरयूताईंच्या नानकटाईला मोहरीच्या तेलाचा वास येऊ लागला तेव्हा त्यांनी नानकटाई करणं सोडलं, नवऱ्याला काही म्हटलं नाही.

गोविंदरावांच्या सुऱ्या मिटायच्या नसत. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड, मधे पितळी खिळे. ज्याच्यासाठी सुरी, त्याच्याच हाताच्या मापाची मूठ, हा त्यांचा खास मामला. त्यासाठी ते कणकेचा गोळा वापरत. ज्याची सुरी त्यानं गोळा मुठीत आवळायचा. बोटांचे, अंगठ्याचे ठसे उमटतात, त्यावरून लाकूड कोरायचं. अशा अकरा सुऱ्या त्यांनी आतापर्यंत करून वाटल्या होत्या.

आणि अकरापैकी एकही कुणी धड वापरत नव्हतं. शेजारच्या संभाजीरावांनी आपली टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवली होती. संभाजीरावांचे पूर्वज घोडदळात होते आणि ते स्वतः बँकेतून रिटायर झालेले. "काय कमाल आहे गोविंदराव," ते म्हणत, "आमच्या घरात तलवार गंजली आणि तुमच्या घरात सुऱ्या निपजायला लागल्या! दोघांचे पणजोबा वर बसून डोकं धरत असतील." पुण्यात यशश्री तिच्या सुरीनं कुरियरची खोकी उघडायची, तेही आठवण झाली तर. गोविंदराव हसण्यावारी न्यायचे. पण आपली एक तरी सुरी कुणाच्या तरी हातात झिजावी, ही त्यांच्या मनातली खरी आस होती.

ती संधी जुलैत आली, आणि आली ती वाईट बातमीबरोबर. शरयूताईंचं माहेर मुरारचं. आई-वडील जाऊन वर्षं झाली होती, घर भाच्यानं विकलं होतं. घराचं शरयूताईंना फारसं काही वाटलं नाही. विटा त्या विटाच. पण मागच्या अंगणात आप्पांनी, त्यांच्या वडिलांनी, लावलेलं आंब्याचं झाड होतं. फळ लहान, साल जाड, पण सगळ्या बाजारातला आंबा संपला की हा पिकायचा, आणि कापला की बडीशेपेचा वास सुटायचा. या जातीला नाव नव्हतं. दुसरीकडे कुठं हे झाड असल्याचं कुणाला माहीत नव्हतं. नवीन मालक भदौरियाजी भला माणूस, पण त्याला घर मोठं बांधायचं होतं आणि झाड बरोबर मधे येत होतं.

"पंद्रह अगस्त के बाद मशीन आएगी, आंटीजी," तो हात जोडून म्हणाला. "तब तक आपको जितनी डालियाँ चाहिए, ले जाइए। आपका ही घर है।"

कोय रुजवून उपयोग नव्हता. कोयीचं झाड आपल्या मर्जीनं फळ देतं, आईचा गुण येईलच असं नाही. कलमच करायला हवं. शरयूताईंना कलमं बांधता येत. गच्चीवरचे गुलाब त्यांनीच दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं डोळे भरून, म्हणजे चांगल्या फांदीचा कोंब दुसरीच्या सालीत बसवून, वाढवलेले. आंब्याची वीस रोपं त्यांच्याकडे कुंड्यांत तयार होती. रोपाचा शेंडा कापायचा, मधोमध चीर द्यायची, आप्पांच्या झाडाची काडी खालून पाचरेसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. दोन्ही काप अगदी सपाट हवेत. जरा फट राहिली की काडी वाळलीच. आणि आंब्याच्या लाकडापुढं दाढीचं ब्लेड वाकतं.

"तुला मी सुरी करून देतो," गोविंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका उत्साह होता की शरयूताईंना हसू आलं.

त्यांनी अभ्यास केला. कलमाची सुरी एका अंगानं पूर्ण सपाट असते, धार फक्त दुसऱ्या अंगाच्या उतारानं काढतात. सपाट अंग काडीला टेकून चाललं की काप आरशासारखा येतो. मूठ हळदूच्या फिकट पिवळ्या लाकडाची ठरली. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पोळ्यांच्या कणकेतला गोळा उचलला, शरयूताईंपुढं धरला आणि म्हणाले, "आवळ."

शरयूताईंनी उजवा हात पुढं केला आणि गोळा आवळला.

सुरी देखणी झाली. गोविंदरावांनी ती ओट्यावर ठेवली, कारण सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात. शरयूताईंनी ती उचलली, मुठीतल्या खाचांवर बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "किती सुंदर केलीत हो." गोविंदराव दिवसभर गच्चीवर शीळ घालत होते.

जुलैच्या मध्याला मुरारहून काड्या आल्या. शरयूताईंनी एकटीनं, गच्चीच्या कोपऱ्यात, टाकीच्या आडोशाला बसून बारा कलमं बांधली. काम करताना कुणी जवळ आलेलं त्यांना चालत नसे, ही सवय गोविंदरावांना लग्नापासून ठाऊक होती आणि त्यांनी तिचा कधी विचार केला नव्हता. बारा कुंड्या सावलीत ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि त्यावर शरयूताईंचं वळणदार अक्षर.

पंधरा दिवसांत बाराच्या बारा काड्या काळ्या पडल्या.

शरयूताई कुंड्यांपुढं पाटावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. गोविंदराव शेजारी टेकले. "माझाच हात म्हातारा झाला," त्या म्हणाल्या. "आप्पांनी शिकवलेलं सगळं विसरले मी."

"हात बिलकुल ठीक आहे तुझा. सुरीची धार गेली असेल, आण इकडं."

आता आठ रोपं उरली होती. झाडावर शरयूताईंनी आणखी काही काड्यांची पानं आधीच खुडून ठेवली होती; त्यांचे डोळे फुगून त्या कलमाजोग्या व्हायला आठ-दहा दिवस लागणार होते. त्यानंतर पंधरा ऑगस्ट, आणि त्यानंतर मशीन. म्हणजे आणखी एकच वेळा करता येणार होतं.

गोविंदराव सुरी घेऊन शेडमध्ये आले. मनगटावरचे केस भादरून पाहिले. धार जशीच्या तशी होती. पात्यात दोष नव्हता. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मूठ उजेडात धरली. आंब्याचा चीक फिकट लाकडावर काळा डाग धरतो. आणि ते डाग भलत्याच जागी होते. उजव्या अंगठ्यासाठी जी खाच त्यांनी दोन दिवस घासून गुळगुळीत केली होती, ती कोरी होती. अंगठ्याचा काळा ठसा होता तो दुसऱ्या बाजूला, जिथं अंगठा टेकायला काहीच केलेलं नव्हतं. बोटांचे डाग खाचांमधल्या उंचवट्यांवर चढलेले. ही मूठ ज्या हातानं धरली होती, त्या हाताला ती प्रत्येक कापाला टोचली असणार.

त्यांनी सुरी स्वतःच्या उजव्या हातात धरली. मग डाव्या हातात घेतली. अंगठा बरोबर डागावर बसला.

सुरी तशीच हातात घेऊन ते शेडबाहेर आले. मग पावलांचा आवाज न करता टाकीकडे गेले. शरयूताई पेरूची एक फांदी घेऊन बसल्या होत्या आणि दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं ती तासून बघत होत्या. ब्लेड डाव्या हातात होतं. हात असा सहज चालत होता की गोविंदरावांना वाटलं, हिला आपण पहिल्यांदाच बघतोय. तेवढ्यात त्यांची सावली पुढं पडली. शरयूताईंनी वर पाहिलंही नाही. त्याआधीच ब्लेड उजव्या हातात गेलं होतं आणि डावा पदराखाली.

किती झटकन गेलं ते! अशी अदलाबदल या घरात रोज दहादा होत असणार, आपल्या डोळ्यांदेखत होत असणार, आणि दुसऱ्यांच्या मसुद्यात एक काना राहिला तरी ज्याला दिसतो त्या माणसाला एकेचाळीस वर्षांत हे दिसलं नाही. गोविंदरावांना स्वतःची लाज वाटली.

"शरयू," ते म्हणाले, "परत डाव्या हातात घे."

"काय?"

"ब्लेड. तू डावरी आहेस."

"छे, काहीतरीच काय! जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं, पूजा उजव्यानं..."

गोविंदरावांनी सुरी त्यांच्यासमोर कठड्यावर ठेवली आणि काळ्या डागावर बोट टेकवलं. शरयूताईंनी डागाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले.

"आत्या हात बांधायची," त्या म्हणाल्या. "जेवताना. साडीच्या काठाची पट्टी होती, तिनं डावा हात पाटाच्या फळीला बांधून ठेवायची. लिहायला बसले की तेच. मतलब, वाईट नव्हती हो ती, तिला काळजी होती, मुलीची जात, उद्या सासरी काय म्हणतील. तुम्ही बघायला आलात ना, तेव्हा आईनं आत येऊन तीनदा बजावलं होतं, पोह्यांची बशी उजव्या हातानं दे."

"मी तर बशीच बघत होतो," गोविंदराव म्हणाले. शरयूताई रडता रडता हसल्या.

"फक्त आप्पा काही म्हणायचे नाहीत. मला मागच्या अंगणात घेऊन जायचे, झाडाच्या बुंध्याशी बसवायचे आणि हातात चाकू द्यायचे. म्हणायचे, इथं कोण बघतंय? कर तुझ्या हातानं. कलमं मी तिथं शिकले, डाव्या हातानं. दुसऱ्या कुठल्या जागी मला तसं बसता आलंच नाही. म्हणून ते झाड..."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"अगं, पण सुरी टोचते आहे, एवढं तरी सांगायचं!"

"तुम्ही इतक्या हौसेनं केली होतीत. कशी सांगू?"

गोविंदराव खाली बसले आणि कपाळाला हात लावला. बारा काड्या वाळल्या होत्या, त्या हिच्या चुकीनं नव्हे. सुरी उलट्या हातात गेली होती, त्यामुळे सपाट अंगाऐवजी उताराचं अंग काडीला लागत होतं. पातं कधी आत घुसत होतं, कधी उसळत होतं. काप सपाट येणारच कसा? आणि ही बाई नवऱ्याचं मन राखायला त्या सुरीनं बापाच्या झाडाची काडी न् काडी तासत बसली होती.

संध्याकाळी संभाजीरावांना सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग तीच सुरी दुसऱ्या बाजूनं घासा ना, त्यात काय!"

"उताराच्या बाजूचं लोखंड गेलं हो घासून. ते परत कुठून आणू? नवीनच करायला हवी."

"दिवस किती आहेत?"

"आठ."

"मग इथं चहा पीत काय बसलात? उठा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदराव पुन्हा कणकेचा गोळा घेऊन उभे राहिले. शरयूताईंचा उजवा हात सवयीनं पुढं आला. गोविंदरावांनी मान हलवली. मग डावा हात पदराबाहेर आला, गोळ्याजवळ गेला आणि अडला.

"अहो, कणकेला डावा हात?"

"ही पोळ्यांची कणीक नाही. ही तुझ्या सुरीची आहे."

शरयूताईंनी डोळे मिटले आणि गोळा आवळला. असा आवळला की बोटांच्या फटींतून कणीक बाहेर आली. गोविंदरावांनी तो ठसा ताटलीत ठेवून वर नेला, देवाचा प्रसाद नेतात तसा, दोन्ही हातांनी.

पहिलं पातं तेलात बुडवताना वाकलं. ते फेकलं. दुसऱ्याला कमानीचा चांगला तुकडा एकच उरला होता, आणि नेमकी वीज गेली ती दोन दिवस धड आली नाही. मग गोविंदरावांनी मोटरचा नाद सोडला आणि कानस घेतली. त्यांचे हात लेखणीचे. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर पट्ट्या बांधून पुन्हा घासत बसले. सगळी सवय उलटी करायची होती. जिथं सपाट करायचं तिथं हात उतार काढायला जाई. तीन वेळा चुकता चुकता वाचले. या वेळी पातं सरळ निघालं. ओव्हनमधून काढलं तेव्हा त्याला पिकल्या गव्हाचा रंग चढला होता. लाकूड त्यांनी हळदूचंच घेतलं, मुद्दाम. डाग पडू देत, दिसू देत.

बारा ऑगस्टला सकाळी संभाजीराव गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर आठ रोपं, शरयूताईंच्या मांडीवर पट्ट्यांचं पुडकं. या वेळी कलमं गच्चीवर नव्हे, झाडापाशीच बांधायची होती, काडी तोडल्याबरोबर लगेच. मुरारला भदौरियाजीनं अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. शरयूताई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या सरळ बुंध्यापाशी गेल्या आणि मुळाच्या एका उंचवट्यावर बसल्या. ती जागा त्यांना शोधावी लागली नाही.

गोविंदरावांनी फडक्यातली सुरी काढली आणि त्यांच्यापुढं मुळावर ठेवली. मग बाकीच्यांना घेऊन बाजूला जायला निघाले, कारण तिला कुणी बघितलेलं आवडत नाही.

"बसा ना," शरयूताई म्हणाल्या. "कुठं चाललात?"

तिघंही बसले. शरयूताईंनी उजवा हात पुढं केला, मुठीला लावला. मूठ त्या हाताला बसेना. त्यांनी हात मागं घेतला, आणि नवऱ्यादेखत, शेजाऱ्यादेखत, परक्या माणसादेखत डाव्या हातानं सुरी उचलली. अंगठा खाचेत जाऊन टेकला. त्यांनी काडी धरली आणि एकाच ओढीत काप घेतला. काप उजेडात धरून पाहिला. मग सुरीकडे पाहिलं. गोविंदरावांना कळलं की अकरा सुऱ्या आणि एक फसलेली बारावी, सगळ्यांचं चीज झालं.

"अरे, आंटीजी लेफ्टी हैं!" भदौरियाजी म्हणाला. "हमारी बिटिया भी है। अम्मा दिन भर टोकती रहती हैं उसे।"

शरयूताईंचा हात थांबला नाही. "अम्माजी से कहिए, मत टोकें," त्या म्हणाल्या. "मेरी तरफ़ से कहिए।"

आठ कलमं बांधून झाली तोवर चहा निवून गेला होता. निघताना शरयूताईंनी बुंध्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग गाडीत येऊन बसल्या. सतरा तारखेला मशीन आली. भदौरियाजीनं फोन करून कळवलं, तेवढी माणुसकी त्यानं ठेवली. त्या दिवशी शरयूताई जेवल्या नाहीत.

पुढचे दिवस गोविंदरावांना जड गेले. सकाळी उठल्या उठल्या ते टाकीच्या आडोशाला जाऊन यायचे आणि काहीच बघितलं नाही असं दाखवत पेपर उघडायचे. दोन काड्या काळ्या पडल्या. मग तिसरी. ते धास्तावले. गच्चीवर एकही नवीन पातं त्या दिवसांत घासलं गेलं नाही.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली. "अहो! वर या. लवकर या!"

गुडघ्यांची पर्वा न करता गोविंदराव जिना चढले. शरयूताई पाटावर बसल्या होत्या. पुढं पाच कुंड्या. पाचही काड्यांचे डोळे फुटले होते आणि त्यांतून बोटाच्या पेराएवढी तांबूस, मऊ, चकचकीत पानं बाहेर आली होती. गोविंदराव खाली बसले, एका पानाला बोट लावायला गेले आणि शरयूताईंनी त्यांच्या हातावर हलकी चापट मारली.

"लावू नका. कोवळी आहेत."

"धरली गं," ते म्हणाले. "धरली!"

"एक यशश्रीला द्यायचं, एक संभाजीरावांना. एक भदौरियाजींकडे, कोपऱ्यात लावा म्हणावं, त्यांच्या मुलीच्या हातानं. दोन आपल्याला. एकाला काही झालं तर दुसरं असावं."

गोविंदरावांनी डोळे पुसले, तेव्हा त्यांचं लक्ष कुंड्यांवरच्या पट्ट्यांकडे गेलं. पाचही पट्ट्या नव्या होत्या. प्रत्येकीवर लिहिलं होतं, 'आप्पांचा आंबा'. पण अक्षर शरयूताईंचं नव्हतं. एक अक्षर मोठं, एक बारकं, ओळ खाली घसरत गेलेली. पहिलीतल्या मुलानं पाटीवर काढावं तसं काहीतरी.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," शरयूताई म्हणाल्या. मार्कर अजून त्यांच्या डाव्या हातात होता. "वाईट आलंय ना?"

गोविंदरावांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता, तो तिथूनच परत आला. त्यांनी पाचही पट्ट्या पुन्हा एकदा वाचल्या.

"कुठं काय," ते म्हणाले. "छान आहे."